तीन इसाला एक कमी

कॉलेजचे दिवस आठवायला बसलो की मला पुण्यातली ती लांबलचक बाकांची खोली आधी दिसत नाही. आधी ढग दिसतो. भोरच्या डोंगरातल्या पासली गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी होती. श्रावण-भाद्रपदात ढग सरळ घरात यायचा आणि चुलीपाशी पाहुण्यासारखा बसून राहायचा. आई त्याला हाकलत नसे. ती म्हणायची, "बसू दे, त्यालाबी गारठा लागतो."

त्या ढगातून मी शिकायला बाहेर पडलो. भोरला मॅट्रिक झालो, तिथवरची वाट दिवसभराची. पुढे भोरहून सर्व्हिस मोटारीनं पुण्याला गेलो आणि शेतकीच्या पदवीला नाव घातलं. वडील लवकर गेले होते आणि शेत आई आणि चुलते बघायचे. नांगराला हवा होता तो गडी पुस्तकं घेऊन पुण्याला गेला, असं वाडीतले लोक तोंडावर म्हणत. आई म्हणायची, "जाऊ दे. हितं ऱ्हाऊन तरी बैलाला शिव्याच देनार." ते खरंच होतं. मी स्वभावानं तापट आणि बैल स्वभावानं थंड, आमचं कधी जमलं नाही.

त्या काळी पदवी म्हणजे चाळणी. पहिल्या वर्षाला वर्ग गच्च भरलेला असे, खिडकीत बसावं लागे. वर्षाची परीक्षा झाली की बाकं मोकळी होत. इंटर पास झालं तरी सुटका नसे, कारण शेवटच्या दोन वर्षांच्या जागा मोजक्या होत्या. वनस्पतीशास्त्र घेणाऱ्याचे गुण तर बघतच, शिवाय त्यानं स्वतः गोळा केलेला वनस्पतींचा संग्रह बघत. रानातली साठ झाडं, फुलासकट, मुळासकट, दाबून वाळवलेली, जाड कागदावर चिकटवलेली. गुण असले आणि संग्रह नसला तर इंटरचा दाखला घेऊन घरी जायचं. म्हणजे माझ्यापुरतं, त्या बैलाकडे परत जायचं.

इंटरच्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत मी घरी आलो ते रद्दी वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊनच. आई माझ्याबरोबर रान हिंडली. तेरडा, सोनकी, चवर, कळलावी, कातळावरच्या पाणथळीतली ती निळी सीतेची आसवं. मी पुस्तकातलं लॅटिन नाव शोधत बसायचो आणि ती तोवर पुढच्या झाडापाशी पोचलेली असायची.

"किती पायजेत?" तिनं विचारलं.

"साठ."

तिला विसापुढं मोजता येत नसे. वीस झाले की एक इसा, असे ती बोटांवर इसा मोजायची. "म्हंजी तीन इसा," ती म्हणाली. "आन् पुन्याच्या सायबास्नी आमचं तण कशाला?"

सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी त्या वर्षी फुलली होती. सगळा डोंगर जांभळा झाला होता आणि मधमाश्यांच्या आवाजानं दुपार गुंगल्यासारखी वाटायची. मला आजही शंका येते, की ते मी जागेपणी बघितलं की स्वप्नात. पण कारवीची फांदी मी घेतली होती, तीन इसातली शेवटची. आईनंच ती वाकवून धरली होती.

झाडं पुण्यात वाळवली. इंटरची परीक्षा दिली आणि उन्हाळ्यात सगळा संग्रह गोणपाटात बांधून घरी आणला. जाड कागदावर चिकटवायचं काम निवांतपणे करावं हा विचार. गोठ्याच्या माळ्यावर कोरडं होतं, तिथं बोचकं ठेवलं आणि डिंक व कागद आणायला भोरला गेलो. जाताना कुणाला काही सांगितलं नाही. शिकलेल्या माणसाला आपल्या वस्तू सगळ्यांना माहीतच असतात असं वाटतं.

वैशाखात आमच्याकडे राब भाजतात. भाताची रोपं जिथं पेरायची त्या तुकड्यावर शेण, तोडलेल्या फांद्यांचा वाळका पाला, गवत असं पसरायचं, वर माती टाकायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं. जमीन हळूहळू भाजते. राखेत रोप जोरदार येतं. त्यासाठी पाला महिनाभर आधी तोडून साठवतात. आमचा पाला साठवलेला होता गोठ्याच्या माळ्यावर.

मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतलो तेव्हा राब भाजून झाला होता. काळ्या तुकड्यावरून अजून धूर निघत होता. आई बांधावर बसली होती. तिच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. राब भाजताना हात पोळतोच, म्हणून मी काही विचारलं नाही. माळा रिकामा बघून मात्र विचारलं.

"आये, वर गोनपाटाचं बोचकं व्हतं."

"पाल्यासंगं ग्येलं. वाळला पालाच व्हता न्हवं?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. मग फडकं आवळत, "कामाचं व्हतं का रं?"

मी त्या काळ्या तुकड्याकडे बघत राहिलो. माझी दोन वर्षं तिथं धुमसत होती. तोंडाशी जे आलं होतं ते बोललो असतो तर जन्मभर पुरलं असतं.

"न्हाई," मी म्हणालो. "रद्दी व्हती."

फार मोठं मन दाखवलं असं कुणी समजू नये. त्यानंतर दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही, भाकरी पाठ करून खाल्ली. वैशाखात तेरडा कुठून आणणार? पावसाळी झाडं जमिनीखाली झोपलेली होती.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. गुण चांगले होते. संग्रह तपासणारे प्राध्यापक उंच, काटकुळे आणि फार कमी बोलणारे होते. बाकीच्या मुलांचे गठ्ठे टेबलावर होते आणि माझे हात रिकामे.

"तुमचा संग्रह?"

"जळाला, सर."

"कसा?"

"राबात."

मागची मुलं हसली. राब भाजणं म्हणजे चांगलं शेणखत जाळून टाकणं, हे आम्हाला याच प्राध्यापकांनी शिकवलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी यादी पुढं ओढली आणि सगळ्यात खाली माझं नाव पेन्सिलीनं लिहिलं. "गणपतीची सुट्टी झाली की पहिल्या दिवशी घेऊन या. नाहीतर हे नाव खोडावं लागेल."

तीन महिने मी पेन्सिलीनं लिहिलेला विद्यार्थी म्हणून मागच्या बाकावर बसलो. वर्गात काय शिकवलं ते फारसं आठवत नाही. खिडकीबाहेरचा पाऊस आठवतो. आमच्याकडे हाच पाऊस किती पडत असेल, काय काय उगवलं असेल, याचाच विचार. सुट्टी जेमतेम आठवड्याची. त्यात चार दिवस जाण्यायेण्याचे. पावसात कागद वाळत नाहीत, बुरशी धरते. साठ झाडं होणार नाहीत हे मला ठाऊक होतं. ते मनाला सांगायचं धाडस होत नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा मी चिंब होतो आणि ढग नेहमीच्या जागी चुलीपाशी होता. आईनं आधी भाकरी वाढली. मग शिंकाळ्याच्या वरच्या फळीवरून दगडाखाली दाबलेला एक गठ्ठा खाली काढला आणि माझ्यापुढं ठेवला.

तिचं जुनं लुगडं होतं ते, हिरव्या काठाचं. त्याचे तिनं तुकडे केले होते आणि दर दोन तुकड्यांमध्ये एक झाड दाबलं होतं. मुळासकट, फुलासकट. रोज रात्री ओले तुकडे काढून चुलीवर शेकायचे आणि कोरडे घालायचे, असं तिनं पावसाळाभर केलं होतं. सीतेची आसवं अजून निळी होती. माझ्या वर्तमानपत्रांतली केव्हाच तपकिरी झाली होती.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"गोनपाट आदी जळालं. मंग आतली झाडं दिसली. समदी वळखीची. म्या हात घातला, पर आग लई व्हती."

मला ते फडकं आठवलं. तिचा हात मी ओढून चुलीच्या उजेडात धरला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गुळगुळीत आणि गुलाबी होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"मंग तवाच का बोलली न्हाईस?"

"तू रद्दी म्हनलास. तू न्हाई बोललास, म्या कशी बोलू?" तिनं हात सोडवून घेतला. "मोज. तीन इसाला एक कमी हाय. कारवी फुलली न्हाई. ती आता सात वर्सांनी."

सुट्टी संपताच मी तो गठ्ठा प्राध्यापकांपुढं ठेवला. कागदावर चिकटवायला वेळ नव्हता, म्हणून झाडं लुगड्याच्या तुकड्यांतच होती. त्यांनी एकेक तुकडा उलटून पाहिला. तासभर लागला असेल. मग विचारलं, "साठावं?"

"सात वर्षांनी फुलेल, सर."

त्यांनी चष्मा पुसला. यादीतलं माझं नाव शाईनं गिरवलं आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'एक बाकी'.

मी पदवीधर झालो. नोकरीवर लांब गेलो, आमच्या डोंगरात भाताची रोपं कशी वाढतात ते दुसऱ्या लोकांना सांगत हिंडलो. घरी जाणं वर्षाकाठी एकदा, तेही घाईचं. एका पावसाळ्याच्या शेवटी वाडीचा एक माणूस माझ्या कचेरीत आला आणि त्यानं पिशवीतून एक पुडकं काढून टेबलावर ठेवलं. हिरव्या काठाचा लुगड्याचा तुकडा. आत कारवीची एक फांदी, जांभळी, नीट दाबून वाळवलेली.

"म्हातारीनं दिलंय," तो म्हणाला. "तीन इसा झालं म्हनून सांग, म्हनली."