हिरव्या रंगाची नळी

तांब्याच्या खाणीसाठी इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून ऑस्ट्रेलियातल्या 'बरा' नावाच्या गावात येऊन राहिलेली माणसं 'घर' म्हणायची ती साता समुद्रापलीकडच्या कॉर्नवॉललाच. इथल्या धुळीत जन्मलेली पोरंसुद्धा "आमच्या घरी रोज पाऊस पडतो" म्हणून ऐट मारायची. अॅब्नर पेलोची चित्रं खपायची ती त्यामुळेच. दिवसा तो खाणीतली यंत्रं रंगवायचा, उरल्या वेळात डोंगर. समोरचा पिवळा, रखरखीत डोंगर कॅनव्हासवर हिरवागार व्हायचा, सडसडीत निलगिरी गुबगुबीत ओक व्हायची. लोक म्हणायचे, "अगदी घर!"

त्याची बायको थर्झा इथल्याच ओढ्याच्या दरडीत खोदलेल्या खोलीत जन्मली होती. नवरा "घरी जायचंय" म्हणाला की ती उठून दुसऱ्याच कामाला लागायची.

मग खाणच बंद पडली. परत निघालेल्या जेन्किनने, अॅब्नरच्या चुलतभावाने, त्याचीही जहाजावर जागा धरली.

"बस्तान बसलं की तुला बोलावतो," अॅब्नर म्हणाला.

अशा बोलावण्यांची वाट बघत गल्लीतल्या दोघी-तिघी म्हाताऱ्या झाल्या होत्या. थर्झा म्हणाली, "जा बाबा. पण आधी माझा डोंगर काढून दे. आहे तसा."

"तसाच तर काढतो!"

"हो का? मग त्यावर एक हिरवी काडी दाखव."

तो फणकाऱ्याने अंगणात जाऊन बसला. सवयीने हात हिरव्याकडे गेला, तर नळीच गायब.

"थर्झे, हिरवा कुठंय?"

"उंदरांनी नेला असेल!"

बराच वेळ तो धुसफुसला. मग करायला काहीच उरलं नाही म्हणून डोंगराकडे बघू लागला. संध्याकाळी ओरडला, "अगं, ही झाडं पानं नाही, साल टाकतात! आतून गुलाबी आहेत!"

"मला सांगतोस?" ती हसली, आणि तिचे डोळे भरून आले. निघायचा दिवस तोंडावर आला होता आणि त्याची सामानाची पेटी अजून रिकामीच होती. विचारायचा धीर तिला होईना.

जेन्किन गाडी घेऊन आला तेव्हा अॅब्नर अंगठ्याने पिवळा रंग चोळत होता.

"अरे, आवर! घरी जायचं ना?"

"घरीच आहे मी," अॅब्नर मान वर न करता म्हणाला. "तू जा सांभाळून."

जेन्किनने चित्र पाहिलं. "हे कुठलं उजाड माळरान?"

थर्झा आत पळाली. एप्रनमध्ये तोंड खुपसून पोटभर रडली. मग पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तिने नळी काढली आणि पांढऱ्या हातानेच अॅब्नरपुढे धरली.

"घे तुझा हिरवा. दाराला लाव."