भिंतीकडची खुर्ची

सुतार आमच्या वर्गात आला त्याच दिवशी माझ्या पोटात दुखायला लागलं. उगाच सभ्यपणा कशाला, हेवाच तो.

मी तुरुंगातला निवृत्त शिपाई. तीस वर्षं कड्याकुलपं काढली नि लावली. घरी बसल्यावर स्वयंपाकघराच्या दाराचीही कडी तपासत फिरायला लागलो, तेव्हा बायको वैतागली. म्हणाली, "अहो, कुठेतरी जा, नाहीतर मीच पळून जाईन." म्हणून साठीला आल्यावर मी कॉलेजात नाव घातलं. विषय गुन्हेगारीशास्त्र आणि सामाजिक न्याय. म्हटलं, हा तर आपल्या हातचा मळ. पोरं तोंडात बोटं घालतील.

पोरांनी घातलीही, पण सुतारासाठी. मारामारीत एकाचा पाय कायमचा अधू केला म्हणून तो सहा वर्षं आमच्याकडे होता. रंधा मारायला तिथेच शिकला. आता स्वतःचं दुकान आहे, आणि दुकान सांभाळून हे शिक्षण. आमच्यात जेमतेम दहा वर्षांचं अंतर, पण पोरं त्याला दादा म्हणतात नि मला काका. शिक्षेवरचा धडा आला की मॅडम त्याच्याकडे वळणार, "तुम्ही सांगा, आत कसं असतं?" मी काय बाहेर होतो? तो बोलायचाही हळू, शब्द शोधत, आणि पोरी डोळे पुसायच्या. माझ्याकडे पोतंभर किस्से होते, ते पोत्यातच राहिले.

मॅडम खुर्च्या गोल मांडायला लावत. मला दाराकडे पाठ करून बसवत नाही, ही नोकरीची खोड. दार समोर दिसेल अशी भिंतीकडे एकच खुर्ची होती. ती मी लवकर जाऊन धरायचो. एकदा गेलो तर तिच्यावर सुतार. त्यालाही दाराकडे पाठ चालत नव्हती. मला बघताच ताडकन उठला, "बसा साहेब." मी बसलो. नेमकं तेच मॅडमनी पाहिलं, आणि सुटून आल्यावरही माणूस असा उठून का उभा राहतो, यावर अख्खा तास झाला. खुर्ची मला मिळाली, तास त्याला. आता बोला!

खरं सांगू? हे दुखणं जुनंच आहे. तो सुटला तेव्हा तुरुंगाचं गेट मीच उघडलं होतं. बाहेर त्याची आई, बहीण, मेहुणा, कडेवर भाचा. आईने नव्या चपला आणल्या होत्या, त्या तिने रस्त्यातच वाकून त्याच्या पायात घातल्या. मी गेट लावून घेतलं. संध्याकाळी पाळी संपली तेव्हा त्याच गेटातून बाहेर आलो नि बस धरली. बायकोला एकदा म्हटलं होतं, "तू ये की कधीतरी गेटावर." ती हसली. "मी कशाला? तुम्ही काय सुटून येताय? उद्या परत जाणारच की." निवृत्तीच्या दिवशी तरी येईल असं वाटलं होतं, पण तिचा गुडघा धरला होता. तिला कसा दोष देणार?

वर्षाच्या शेवटी सगळ्या कॉलेजपुढे आमच्या वर्गातल्या एकाने तुरुंगावर बोलायचं होतं. मला ते भाषण हवं होतं. लाज सोडून मॅडमना तसं सांगितलं, आरशापुढे तयारीही केली. त्यांनी निवडला सुतार. घरी येऊन मी ताट सरकवलं. "त्याने एकाचा पाय मोडला म्हणून त्याला मान. मी कुणाचं काही मोडलं नाही, हाच माझा गुन्हा!"

"मग आता उपास मोडा नि जेवा," बायको म्हणाली.

कार्यक्रमाला गेलो ते तो फजीत व्हावा म्हणूनच. तो माइकपुढे उभा राहिला, थोडं बोलला आणि थांबला. मला बरं वाटलं. मग म्हणाला, "मी सहाच वर्षं आत होतो. आमचे साहेब तीस वर्षं होते. त्यांना कुणी विचारतच नाही. त्यांनी बोलावं."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. गेलो. पण तयार केलेला एकही किस्सा आठवेना. कोण पळाला, कोण रडला, सगळं दुसऱ्यांचंच होतं. शेवटी एवढंच निघालं, "माणूस सुटला की बाहेर त्याचं कुणीतरी उभं असायचं. मीही रोज बाहेर यायचो. माझ्यासाठी कुणी नसायचं. मला त्यांचा फार हेवा वाटायचा." आणि खाली उतरलो. टाळ्या जरा उशिरा आल्या, पण आल्या.

पोरांनी गराडा घातला, मॅडम हात धरून बोलत राहिल्या. त्यातून सुटून कॉलेजच्या गेटाशी आलो तोवर आवार रिकामं झालं होतं. गेटाबाहेर सुतार उभा होता.

"चला साहेब," तो म्हणाला. "केव्हाचा वाट बघतोय."

मी त्याच्याबरोबर निघालो, पण डोक्यात तिडीक गेलीच. उभ्या जगात एवढं सुचायचं होतं, तेही नेमकं यालाच!