दिसल्याशिवाय हात लावायचा नाही

आमच्या ह्यांना बाजारात सगळे बर्फवाले म्हणतात. बर्फाशी ह्यांचा काही संबंध नाही, गाड्यांचे एसी दुरुस्त करतात एवढंच. पण नाव शोभतं. गिऱ्हाइकाने कितीही थयथयाट केला तरी हा माणूस थंड. तापायचं खातं माझ्याकडे आहे.

गॅरेज म्हणजे दोन गाड्या मावतील एवढी शेड, मागच्या भिंतीला गॅसच्या टाक्या आणि पुढे माझं टेबल. फोन मी घेते, चहा मी मागवते, भांडणंही मीच करते. भांडणं रोजचीच, कारण ह्यांचा एक नियम आहे: बिघाड डोळ्यांना दिसल्याशिवाय हात लावायचा नाही. कायमचा बंद पडलेला एसी कोणीही दुरुस्त करील हो. खरी डोकेदुखी मधूनच बंद पडणाऱ्याची. रस्त्यात दगा देतो आणि गॅरेजच्या दारात आला की शहाण्या मुलासारखा गार वारा सोडतो. बाकीचे मेकॅनिक अशा वेळी अंदाजाने एकेक भाग बदलत सुटतात. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! हे तसं करत नाहीत. गाडीला स्कॅनर जोडतात, गिऱ्हाइकाच्या शेजारी बसतात आणि म्हणतात, "चला, रोज जाता तिकडेच. गाडी तुम्हीच चालवा."

हे 'तुम्हीच चालवा' मागाहून आलं. पूर्वी स्वतः चालवायचे. मी विचारलं तर म्हणाले, "अगं, प्रत्येकाची चालवायची तऱ्हा वेगळी. त्याच्या हातात जे होतं ते माझ्या हातात होईलच असं नाही." मला पटलं. गिऱ्हाइकांना तर इतकं पटलं की चार लोकांत कौतुक करायला लागली.

घरी जाताना स्कूटरही माझ्याच गळ्यात. "हात काळे आहेत गं, तू घे." एवढा साबण झिजवून रोज हात काळेच कसे राहतात, म्हणून मी चिडवायची. हे हसून मागे बसायचे.

आणि धाकटीचं लग्न. तिला नव्या घरी पोचवायला गाडी बाबांनीच चालवायची, एवढा एकच हट्ट होता पोरीचा. ऐन वेळी ह्यांनी सांगितलं, कंबर धरलीय. भाड्याचा ड्रायव्हर आणला. तिला वाटलं, बापाला हौसच नाही. मलाही तेच वाटलं, खोटं कशाला बोलू. अजून ती फोनवर बापाशी दोन शब्द बोलते आणि "आईला द्या" म्हणते.

या उन्हाळ्यात मात्र मला शंका यायला लागली. हे बोलता बोलता मध्येच थांबायचे. हाक मारली तर ओ नाही, आणि जरा वेळाने, "काय म्हणत होतीस?" एकदा इंजिनच्या गरम पाइपावर तळवा टेकला आणि काढलाच नाही. माझी किंकाळी ऐकून शेजारचा टायरवाला धावत आला. तळहातावर हा एवढा फोड. "लक्ष नव्हतं," म्हणाले. लक्ष नव्हतं म्हणे! चटका बसल्यावर झोपलेलं माणूससुद्धा हात काढतं. ओढत डॉक्टरकडे नेलं. रक्तदाब नीट, साखर नीट. "काही त्रास होतो का?" "छे हो!" डॉक्टरांनी विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. त्यांच्यासमोर माझा नवरा गॅरेजच्या दारातल्या एसीसारखा ठणठणीत. मी काय दाखवणार होते त्यांना?

अशात बँकेतल्या बाई आल्या. गाडी चांगली, नवी. दिवसाआड म्हाताऱ्या वडिलांना उपचाराला दवाखान्यात न्यायच्या आणि नेमका त्याच वाटेवर एसी दगा द्यायचा. उकाड्यात आजोबा कासावीस होत. दुसरीकडे गॅस भरून झाला, कॉम्प्रेसर बदलून झाला, तरी तेच. हे शेजारी बसून बाईंबरोबर दोन फेऱ्या मारून आले. एसी कसला बंद पडतोय! बाईंना रडायला यायचं बाकी होतं. "मी खोटं बोलत नाहीये हो!"

"मला ठाऊक आहे," हे म्हणाले. "उद्या वडिलांना घेऊन या. ते रोजच्या जागी बसतील, मी मागे."

दुसऱ्या दिवशी मीही मागे चढले. सुट्या भागांच्या दुकानाशी उतरते म्हणाले, पण खरं म्हणजे ह्यांना नजरेआड करायला मन धजत नव्हतं. आजोबा पुढे बसले. त्यांचा एक गुडघा वाकत नव्हता, त्यामुळे तो पाय सरळ आत, बुटाचं टोक डॅशबोर्डखाली. गडी बोलका. "बर्फवाले, गाडीचा झाला की माझा पण गॅस भरा!" आम्ही सगळे हसलो. ह्यांच्या मांडीवर स्कॅनरचा पडदा होता, त्यावर आकडे हलत होते.

सिग्नलला गाडी थांबली आणि वारा कोमट झाला. "पडला! पडला बंद!" बाई अशा ओरडल्या की जणू लॉटरीच लागली. "बघा, बघा लवकर!"

मी पडद्याकडे पाहिलं. तापमानाच्या जागी उणे चाळीस. अहो, बाहेर माणसं भाजून निघत होती आणि गाडीला वाटत होतं आत बर्फ झालाय!

"अहो, उणे चाळीस!" मी म्हटलं.

हे बघतच नव्हते. डोळे उघडे, समोर लागलेले. तोंड चघळल्यासारखं हलत होतं, तोंडात काही नसताना. उजव्या हाताची बोटं शर्टाचं बटण कुरतडत होती. "अहो!" मी दंड हलवला. "अहो, ऐकताय ना?" हाताला जीव होता, पण माणूस नव्हता. पुढे बाई आणि आजोबा एसीकडेच बघत होते. गाडी निघाली, आजोबांनी कण्हत पाय सरकवला, आणि पुन्हा गार वारा यायला लागला. आणखी जरा वेळाने ह्यांनी डोळे मिचकावले.

"हं? पडला का बंद?"

"पडला आणि सुरूही झाला," मी म्हटलं. "उणे चाळीस आला होता. आजोबांनी पाय हलवला तेव्हा गेला."

ह्यांनी आधी पडद्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "तू बघितलंस?"

"दोन्ही बघितलं."

मी दुकानाशी उतरलेच नाही.

गॅरेजमध्ये आल्यावर हे डॅशबोर्डखाली उताणे शिरले. आतल्या गारव्याचं मोजमाप सांगणारा बोटाएवढा सेन्सर असतो, त्याच्या वायरचं टोक सैल होतं. आजोबांचा पाय ताठला की बूट वायर दाबायचा, टोक सुटायचं, आणि आत बर्फ धरला असं समजून गाडी एसी बंद करायची. ह्यांनी ते टोक बदललं आणि वायर वर, पायाला लागणार नाही अशी बांधून टाकली. आजोबांना पुन्हा बसवून पाय आपटायला लावला, एसी बंद पडला नाही. बाई आभार मानून थकल्या. एरवी मी चार वाक्यं तरी मिरवून घेतली असती.

त्या गेल्या आणि मी शटर अर्धं ओढलं. "केव्हापासून कळतंय तुम्हाला?"

"झाकली मूठ राहू दे गं."

"मुठीत फोड आलाय तुमच्या! उद्या फिरत्या पंख्यात हात गेला तर? मी काय दाखवू लोकांना, तुमचा नियम?"

मग हा थंड माणूस पहिल्यांदा तापला. "निदान झालं की सगळं संपलं, कळतंय का? गाडी चालवू नका म्हणतील. चालू इंजिनाजवळ जाऊ नका म्हणतील. मग कोण देणार माझ्या हातात गाडी? दुसरं काय येतं मला?" आणि मग हळूच, "आणि तू दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत बसशील."

"ते तर आजपासून बसणारच आहे," मी म्हटलं आणि रडले. रडून झाल्यावर मेंदूच्या डॉक्टरांना फोन लावला.

ह्या डॉक्टरीणबाई वयाने आमच्या धाकटीएवढ्या. त्यांनी विचारलं, "नेमकं काय होतं तेव्हा?"

"मला काय विचारता," हे म्हणाले, "मी तेव्हा नसतो. हिला विचारा."

मी सांगितलं. तोंड, बटण, उघडे डोळे, सगळं. इतके दिवस मला वाटायचं की फिट म्हणजे माणूस पडतो, हातपाय झाडतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही अशीही असते. तपासण्या करू, गोळ्या आहेत, पण किती आणि कधी आटोक्यात येईल ते आज सांगत नाही. आणि गाडी बंद.

"कधीपासून आहे हे?"

"या उन्हाळ्यापासून," मी म्हटलं.

"नाही," हे म्हणाले. माझ्याकडे न बघता, टेबलाच्या कडेकडे बघत. "धाकटीच्या लग्नाआधीपासून. गिऱ्हाइकाची गाडी चालवून बघायला एकटाच निघालो होतो. चौक कधी गेला कळलंच नाही. जाग आली तेव्हा गाडी फुटपाथवर. रस्ता रिकामा होता म्हणून कोणी मेलं नाही. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावलेला नाही. लग्नाच्या दिवशी मागे पोर बसणार होती."

मी बाहेरच्या बाकावर येऊन बसले आणि धाकटीला फोन लावला. "आई? बोल ना. काय झालं?" हे शेजारी येऊन बसले होते, भाजलेला हात मांडीवर ठेवून. मी फोन त्यांच्या कानाला लावला.

"बाळा," हे म्हणाले, "त्या दिवशी कंबर नव्हती गं धरली माझी."