फणसळकर मॅडमचं शनिवारचं कोर्ट

फणसळकर मॅडमकडे कुणाबद्दल तक्रार करायची सोय नव्हती. अजमानमधल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या बाई भल्या पहाटे मिक्सर लावत. एकदा मॅडमच्या गाडीतून कॉलेजला जाताना मी त्या बाईंच्या नावाने भरपूर आगपाखड केली. मॅडमनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "त्यांना हे माहीत आहे का?" मी म्हटलं, "सांगितलं नाही, पण कळायला नको?" "मग माझ्यासमोर खटला कसा चालवतेस? आधी नोटीस बजाव, वैशाली. जा, दार वाजव." मी दार वाजवलं. बाई पहाटेच्या ड्यूटीला जाणाऱ्या नवऱ्याच्या डब्यासाठी चटणी वाटत होत्या. माझी तक्रार तिथेच बारगळली आणि वर वाटीभर चटणी घेऊन मी खाली आले. मॅडमना सांगितलं तर म्हणतात कशा, "बघ, एकतर्फी निकाल लागला असता तर चटणी गेली असती!"

दुबईतल्या ज्या लॉ स्कूलमध्ये मी वेळापत्रकं आणि प्रवेशाचं काम बघते, तिथे मॅडम अर्धवेळ शिकवायला येत. विषय दिवाणी दाव्यांची कार्यपद्धती. दावा कसा दाखल करायचा, समन्स कसं बजावायचं, मुदत कशी मोजायची, असलं सगळं. नुसतं ऐकून जांभई यावी असा विषय, पण त्यांच्या वर्गाबाहेरून जाताना हसण्याचे आवाज ऐकू येत. आठवडाभर त्या दुबई मरीनातल्या एका ऑफिसात कायदा सल्लागार म्हणून काम करत. त्याआधी पुण्याच्या दिवाणी कोर्टात त्यांनी वर्षानुवर्षं वकिली केली होती. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आल्या. इथल्या कोर्टांचं काम बहुतेक लेखी आणि अरबीत चालतं. मॅडमनी मसुदे तयार करायचे, कोर्टात जायचं काम इथल्या वकिलांचं. उलटतपासणीत भल्याभल्यांना घाम फोडलेली ही बाई सोमवार ते शुक्रवार संगणकासमोर गप्प बसे. "माझं कोर्ट शनिवारी भरतं," असं त्या म्हणत. त्या दिवशी बाहेर कितीही उकडत असो, मला घरून गाडीत घेताना त्यांच्या अंगात काळा ब्लेझर असेच.

त्यांचं एक प्रकरण आमच्याकडे अजून सांगितलं जातं. वर्गात दोन गट पाडून त्या खोटा दावा चालवत, आणि नोटीस मात्र खऱ्यासारखी पाठवायला लावत. सानिका नावाची एक मुलगी होती, मराठी घरातली, पण जन्मापासून इथेच वाढलेली. तिने विरुद्ध गटातल्या मुलाला व्हॉट्सॲपवर नोटीस पाठवली आणि ब्ल्यू टिक दिसल्यावर "सर्व्ह्ड, मॅम!" म्हणून विजयी मुद्रेने जाहीर केलं. त्या मुलाचं व्हॉट्सॲप मात्र भारतातल्या नंबरावर. सानिकाकडे होता तो त्याचा इथला जुना नंबर; तो त्याने कधीच सोडला होता, आणि आता शारजातल्या एका एसी दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे गेला होता. बिचाऱ्याचा सानिकाला फोन आला. "मॅडम, मेरे ऊपर केस? मैंने तो किसी का कुछ नहीं बिगाड़ा!"

वर्गात हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि सानिकाला फोनवर माफी मागायला लावली. तिचं हिंदी दिव्यच, तरी ती बोलली. मग मॅडम स्वतः त्याच्याशी बोलल्या, हा शाळेतला सराव आहे, तुमच्यावर कसलीही केस नाही, निवांत जेवा, असं समजावलं. तो "खलास ना मॅडम? पक्का खलास?" असं पुन्हा पुन्हा विचारत होता. फोन ठेवून त्या वर्गाला म्हणाल्या, "नोटीस पाठवली म्हणजे आपलं काम संपलं असं वाटलं तुम्हाला. ज्याच्या हातात ती पडते, त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणा आणि मग पाठवा." त्या दिवसापासून त्यांच्या वर्गातली मुलं नोटीस पाठवल्यावर समोरच्याला फोन करून विचारू लागली. प्राध्यापक मी अनेक पाहिले, त्यातले बरेच जण पुस्तक शिकवतात. ही बाई वागणं शिकवत होती.

मागच्या वर्षी आमचे डीन, डॉक्टर सामी, मूळचे जॉर्डनचे आणि तसे भले गृहस्थ, मला बोलावून म्हणाले, की पुढच्या सत्रापासून हा विषय रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानांवर चालेल. शनिवारचा वर्ग बंद, मॅडमचं कामही बंद. वेळापत्रक मी करते म्हणून मला आधी सांगितलं. "त्यांना परीक्षा झाल्यावर सांगू. आत्ता कशाला वर्गात खळबळ? तोवर कुणाला बोलू नका, इन्शाल्ला सगळं नीट होईल," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

माझी अवस्था विचारू नका. शनिवारी मी त्याच गाडीत, त्याच ब्लेझरशेजारी बसलेली. मॅडम पुढच्या सत्रात मुलांना काय काय करायला लावायचं याचे बेत सांगत होत्या. अजमानच्या अलीकडे ट्रॅफिक तुंबला आणि मला राहवेना. मी सांगून टाकलं.

त्यांनी गाडीचा एसी थोडा कमी केला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तू मला सांगणार आहेस, हे सामींना माहीत आहे?"

माझं डोकंच फिरलं. "मॅडम, ते तुमच्या पाठीमागे तुमचा वर्ग बंद करतायत आणि तुम्हाला त्यांची काळजी? माझी नोकरी आहे हो ही. व्हिसा आहे त्यावर."

"म्हणूनच विचारतेय. त्यांना दुसरीकडून कळलं तर तू चोर ठरशील. आणि मी चोरून आणलेल्या माहितीवर भांडायला जाणार नाही. तुला नाही जमलं तर हे मी ऐकलंच नाही, परीक्षा होईपर्यंत एक शब्द काढणार नाही. मनापासून सांगते."

त्या खरंच गप्प बसल्या असत्या, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. म्हणूनच मला जावं लागलं. सोमवारी मी डीनच्या खोलीत उभी राहिले आणि सांगितलं, की मी मॅडमना सांगितलंय, आणि तुम्हाला हे माझ्याच तोंडून कळावं म्हणून आलेय. डॉक्टर सामी आधी लाल झाले, मग खुर्चीत मागे रेलले. "तुम्हाला त्यांनी पाठवलं?" मी हो म्हटलं. ते कपाळ चोळत म्हणाले, "त्यांना बोलवा. आधीच बोलवायला हवं होतं."

मॅडम काळा ब्लेझर घालून आल्या. दार बंद होतं, तरी त्यांचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता, स्वच्छ, ठाम, न चिडलेला. त्या बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. "निर्णय तोच राहिला," त्या म्हणाल्या. मला वाईट वाटलं, संतापही आला. त्या म्हणाल्या, "अगं, त्यांनी मध्ये एकदाही फोन बघितला नाही. पूर्ण ऐकलं. हरायला माझी हरकत नाही, न ऐकता हरवलेलं मला चालत नाही. मी फक्त एक मागितलं, मुलांना मी स्वतः सांगणार."

शेवटच्या शनिवारी त्यांनी वर्गाला सांगितलं. मुलं खवळली. एकाने तिथल्या तिथे अर्ज लिहायला घेतला. मॅडमनी टेबलावर हात आपटला. "या कोर्टात दोन्ही बाजू ऐकतात. माझी बाजू मांडायला तुम्ही सगळे आहात. डीनची बाजू कोण घेणार?" त्यांनी वर्गावर नजर फिरवली. "सानिका, उभी राहा."

"मॅम, नो. प्लीज. आय कान्ट डू दॅट टू यू."

"तू मला काही करत नाहीयेस. डीन तुझे अशील, त्यांची बाजू मांड."

सानिका उभी राहिली. अडखळत ती सांगू लागली, की पार दुसऱ्या अमिरातीतल्या मोहम्मद बिन झायद सिटीहून वर्गातल्या दोघी जणी तान्ही मुलं मागे ठेवून इतक्या लांब येतात, शनिवारी ड्यूटी असणाऱ्यांना हा विषय घेताच येत नाही, रेकॉर्ड केलेली व्याख्यानं ते रात्रीही बघू शकतील, आणि ज्यांनी कधी मॅडमचा वर्ग पाहिलाच नाही त्यांची बाजू आज इथे कुणीच मांडत नाहीये. बोलता बोलता ती अडखळायची थांबली. मी दाराशी उभी होते. हा निर्णय मी मनातल्या मनात शंभर वेळा फाडला होता, पण मलाही क्षणभर वाटलं की हे खरं आहे. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

मॅडम खुर्चीत ताठ बसून ऐकत होत्या. तिचं संपल्यावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डीनची बाजू मान्य. माझा दावा फेटाळला आहे."

वर्ग सुटला. सानिका जागची हलली नाही. ती रडत रडत म्हणाली, "मॅम, आय वॉन्टेड टू लूज. आय स्वेअर."

मॅडमनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "माहीत आहे गं," त्या म्हणाल्या. "तरी एक मुद्दा सोडला नाहीस. आता तुला कुठल्याही कोर्टात पाठवायला मी मोकळी."