वास नसलेलं जिरेनियम

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका. आता आत मावत नाही, एवढंच.

वाळूजला एका टिश्यू कल्चर लॅबमध्ये होतो मी. बाटलीत जिरेनियमची रोपं करायचो. त्याच्या पाल्याचं तेल निघतं, अत्तरासाठी. बाटलीतल्या खुराकात फुटवे आणणारं हार्मोन घालतात — मापात, कणभर. मी जास्त घातलं. का? मालकाला ऑर्डर पुरी करून दाखवायची होती. फुटवे असे फुटले की सगळे वाहवा करायला लागले! मग त्याच फुटव्यांचे तुकडे, पुन्हा तोच खुराक, पुन्हा तुकडे... असं फार वेळा केलं की रोपाचा मूळ गुणच बिघडतो. थांबायला पाहिजे होतं. माहीत होतं मला.

शेडमध्ये रोपं मातीत लावली तेव्हा एक पान चुरगळून हुंगलं. वास नाही. दुसरं घेतलं. छे! नुसतं गवत.

फेकायला हवी होती ना? पण फेकली असती तर मालकानं कारण विचारलं असतं. आणि ही रोपं द्यायचा मी शब्द देऊन बसलो होतो — कुणाला, तर माझ्या सख्ख्या अक्काला, फुलंब्रीत. दाजी गेल्यावर दिराशी भांडून तिनं रानाचा एक तुकडा स्वतःकडं ठेवला होता. यंदा पीक साधलं नाय तर रान मी कसणार, असं दीर चारचौघांत बोलला होता. हेही मला माहीत होतं.

लावताना अक्कानं पान चोळलं. "बाळू, वास कसा येत नाय रं?"

मी म्हणालो, "लेकराला कधी दाढी येती का? वाढू दे की." ती हसली. लई विश्वास तिचा माझ्यावर.

पीक कापणीला आलं तेव्हा पाला तेल काढायच्या भट्टीत घातला, दिवसभर जाळ केला. निघालं ते नुसतं पाणी. सगळे माझ्याकडं बघायला लागले — शिकलेला मीच ना! आणि मी — जीभ कशी झडली नाही माझी — म्हणालो, "अक्का, पाणी लई दिलंस तू. तेल कुठून उतरणार?"

भांडली असती तर बरं झालं असतं. खाली मान घालून म्हणाली, "व्हय, माझंच चुकलं." रान दिराकडं गेलं. त्यानं मका लावली.

एका वाक्याचं काम होतं. तेव्हाही, नंतरही. नाही बोललो.

परवा अक्का घरी आली होती. बायको म्हणाली, "अक्का, गॅलरीतल्या तुळशीला तेवढं पाणी घाला." तिनं तांब्या उचलला, अन् तसाच खाली ठेवला. "नको बाई. माझ्या हातचं पाणी झाडाला सोसत नाय."

मी तिथंच बसलो होतो, चहा पीत. संपेपर्यंत प्यालो.