कळकलेली आमटी

लग्नात माहेरून पितळेची भांडी आली होती आणि त्यांचा मला फार तोरा होता. अंबरनाथच्या आमच्या नव्या घरात त्यातल्या पातेल्यात मी पहिल्यांदा चिंचेची आमटी केली, तेव्हा सासूबाईंनी एक घोट घेऊन वाटी खाली ठेवली. "कळकलीय," म्हणाल्या. पितळेची कल्हई उडाली की आंबट पदार्थाला जीभ आखडून टाकणारी चव येते, ती मलाही लागली. पण वर "तुझ्या माहेरच्यांनी कल्हईत हात आखडता घेतलेला दिसतो" हे ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कल्हईवाला आला. अंगणात भाता मांडून त्याने सगळी भांडी चांदीसारखी करून दिली. आमटी पुन्हा कळकली. सासूबाईंनी त्याला बोलावून असा फैलावर घेतला, की बिचाऱ्याने पुन्हा सगळं फुकट करून दिलं. तरी तेच. मग त्यांनी भांड्यांकडे बघणं सोडलं आणि माझ्याकडे बघायला सुरुवात केली. सुनेच्या हाताला चव नाही असं घरात एकदा ठरलं, की ते जन्माला चिकटतं. मी हट्टाला पेटले.

शेजारच्या शेतावर राहणारी बाई आम्हाला भाजी द्यायची. तिला सांगितलं तर ती हसली. "वयनी, आमचे तवलीन काय नाय कलकत," म्हणाली आणि बाजारातून माझ्यासाठी कोरी मातीची तवली घेऊन आली. सासूबाईंच्या डोळ्यांदेखत मी तिच्यात आमटी केली. मातीच्या भांड्यातली आमटीही कळकली. आता संशय घ्यायला उरलं होतं फक्त पाणी. मग मी यांना कळशी देऊन स्टेशनच्या नळावर पाठवलं. सासूबाईंच्या मते नळाच्या पाण्याला विटाळ नव्हता, हे माझं नशीब. त्या पाण्याची आमटी त्यांनी दोनदा मागून घेतली. दोष आमच्या विहिरीच्या पाण्याचा होता. माझा नाही, माहेरचा तर नाहीच. मला इतका आनंद झाला, की आपण इतके दिवस काय पीत होतो हे डोक्यात यायला संध्याकाळ झाली.

हे जवळच्याच पितळी पत्र्याच्या कारखान्यात होते. तिथे पत्रे तेजाबात धूत आणि उरलेलं हिरवं पाणी आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला एका खड्ड्यात सोडत. यांनी साहेबांच्या कानावर घातलं. साहेब भला माणूस, त्याने खड्डा बुजवला. पावसाळाभर आम्ही नळाचं पाणी वाहिलं, विहीर उपसली, आणि दसऱ्याच्या सुमारास आमटी पुन्हा आमटीसारखी लागली. सासूबाईंनी कल्हईवाल्याला मुद्दाम बोलावून ओसरीवर जेवायला वाढलं. माफी मागणं त्यांच्या रक्तात नव्हतं, म्हणून त्याला जिलबीचा आग्रह केला.

त्याच रात्री जेवताना मी सहज यांना विचारलं, "अहो, मग आता ते हिरवं पाणी कुठे सोडतात?"

"ओढ्यात. वाहून जातं."

"शेतावरची बाई ओढ्याचंच पाणी भरते. तिची मुलंबाळं, तिची म्हैस, सगळी त्याच्यावरच."

आमच्या विहिरीला परक्याची कळशी लागलेली सासूबाईंना खपत नसे. एकदा कुणाचा पोहरा नुसता कठड्यावर टेकला, तर त्यांनी कठडा धुऊन काढला होता. मला हे माहीत होतं, तरी मी म्हणाले, "तिला आपल्या विहिरीवर येऊ द्या."

मला वाटलं, सासूबाई आता ताट सरकवून उठणार. पण त्या यांच्याकडे वळल्या.

"उद्या येताना नवा दोर आण," म्हणाल्या. "दोन घरांना हा जुना पुरायचा नाही."