सिदी बू-हल्फाची टेकडी

माझ्या मबरका काकूने आयुष्यात एक संत घडवला, आणि तोही घराच्या भिंतींना लावून उरलेल्या चुन्यातून.

वाळवंटाच्या कडेला आमची वस्ती, आणि तिच्यामागे चुनखडीची टेकडी आहे. पूर्वी तिच्यावर हल्फा गवताचे उंच झुबके असत, मधूनमधून शीहची राखाडी झुडपं. काकूच्या चटया, टोपल्या, दोर, सगळं त्याच हल्फाचं. मग पाऊस हुकला. शीह संपली तशा मेंढ्या हल्फाला लागल्या. तिथे माती मुळातच वीतभर. झुबके गेल्यावर तीही वाऱ्याने नेली आणि खालचा पांढरा खडक टकलासारखा उघडा पडला.

सगळ्यात मोठा कळप काकूच्या दिराचा, बूझियानचा.

"भाऊजी, थोडे दिवस टेकडी सोडा. बुडखे अजून जिवंत आहेत."

"वहिनी, तुम्हीच सांगा मेंढ्यांना. माझं त्या ऐकत नाहीत."

"खरंच आहे. घरात तरी तुमचं कोण ऐकतं?"

सगळे हसले. मेंढ्या चरतच राहिल्या.

एका दुपारी वस्ती डुलक्या घेत असताना काकू बादली घेऊन टेकडीवर गेली. दगडांचं गोल रिंगण रचलं, त्याला चुना फासला, मधे काठी रोवून हिरवी चिंधी बांधली. नंतर तिथून जाताना ती चपला हातात घ्यायची, बस्स.

शेजारच्या अल्जियाने विचारलंच, "अगं, चपला का काढल्यास?"

काकूने डोळे मोठे केले. "तुला माहीत नाही? मग राहू दे बाई. असलं बोलू नये."

संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला माहीत झालं. पुढच्या शुक्रवारी संताला नाव मिळालं, सिदी बू-हल्फा, म्हणजे हल्फावाले बाबा. अल्जियाच्या सासूला तर आठवलं, की ते सिंहावर बसून यायचे. कुणाच्या तरी बकरीने तिथे तोंड घातलं आणि ती लंगडू लागली. ती जन्मापासूनच लंगडी होती, पण ते कुणी लक्षात घेतलं नाही.

कळप टेकडीला वळसा घालून जाऊ लागले. वसंतात बुडख्यांतून हिरव्या सुया फुटल्या. पुढे झुबक्यांच्या आडोशाला उडती धूळ साचली, तिची माती झाली, मातीत बारीक गवत आलं, आणि गवतात चंडोलांनी घरटी केली.

मधल्या काळात बूझियानने जाहीर केलं, "सिदी बू-हल्फा म्हणजे माझ्या पणजोबांचे आजोबा!" तो काठी घेऊन राखणीलाच बसला. बायका नवसाचा कुसकुस आणायच्या, हा खायचा. काकूचा जळफळाट! संत तिचा, कुसकुस त्याचा, आणि बोलायची सोय नाही.

त्यात काकूचीच मेंढी टेकडीवर सापडली. बूझियानने चारचौघांत सुनावलं, "वहिनी, संताच्या गवतात तोंड? काही लाज?"

काकूने मान खाली घातली, माफी मागितली, वर खजूर-रव्याचा रफीस करून नेला. तो मिटक्या मारत खाऊ लागला. आसपास कुणी नाही असं बघून म्हणाला, "पुढच्या वेळी चुना लावाल तेव्हा नखं नीट धुवा. मागच्या वेळी चांगली आठवडाभर पांढरी होती."

काकूने चटकन हात मागे घेतले. "तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"मी एकट्याने टेकडी सोडली असती, तर बाकीच्यांच्या मेंढ्यांनी साफ केली असती. माणसाचं कुणी ऐकलं नसतं, वहिनी. संताचं सगळ्यांनी ऐकलं."

"आणि ते पणजोबांचे आजोबा?"

"बिचाऱ्याला कुणीतरी नातेवाईक नको?"

काकू इतकी हसली की तिचा डोक्याचा रुमाल सुटला. मग तिने रफीसचं ताट त्याच्यापुढून आपल्याकडे ओढलं.

पुढच्या शुक्रवारी तिने दिराशेजारी आपली चटई टाकली. येणाऱ्या बायकांना ती दटावायची, "खडकावर पाय ठेवा गं, गवतावर नको. त्यांना खपत नाही." कुसकुसाचे दोन वाटे होऊ लागले. परगावच्या एकीने विचारलं, "तुमचं काय नातं हो सिदींशी?"

काकूने पदरासारखा रुमाल पुढे ओढला आणि लाजून म्हणाली, "सून."